नाक दाबणाऱ्यांच्या गावात

मी एक जुना व्हिस्कीचा ग्लास आहे. मुक्काम आर्वी, जिल्हा वर्धा. हसू नोका. दारूबंदीच्या जिल्ह्यात व्हिस्कीच्या ग्लासानं काय करावं, हा प्रश्न मले तुमच्याआधी पडलता. माह्या सगळ्या आयुष्यात व्हिस्की माह्यात एकदाच पडली. तेही पळीभर. तेही जिल्ह्याच्या बाहेर, भर दुपारी.

मित्रांनो, आधी माह्यं ध्यान पाहून घ्या. खाली आखूड जाड पाय, मधात फुगलेलं पोट, वर मान बारीक. कंदिलाच्या काचेले पोट्टं झालं असतं तं माह्यासारखं दिसलं असतं. हे मी म्हणतो म्हणून ठीक आहे, दुसऱ्यानं म्हटलं तं मले खपत नाई.

वाळू, सोडा आन् चुना भट्टीत वितळवून मले केलं. लाल गोळा होतो मी. फुंकून माह्यं पोट फुगवलं, मंग वरून मान आवळली. कायले आवळली ते तवा समजलं नाई. साध्या ग्लासातून वास वर निघून जाते, उनाड पोट्ट्यासारखा. माह्या बारीक तोंडापाशी तो गोळा होते आन् नाकाची वाट पाहते. मी तोंडासाठी केलेला नाई. मी नाकासाठी केलेला ग्लास आहे. तोंडाचं काम सगळ्यात शेवटी.

अजून एक. काचेले राग आला का तडा जाते, आन् तडा गेला का संपलं. म्हणून भलता रागीट असूनही मी आजवर राग गिळत आलो.

आम्ही दोघं होतो. जोडी. एका खोक्यात, मधात पुठ्ठा. पार्सल महादेवरावच्या घरी आलं तवा ते दुकानात होते. खोकं उघडलं त्यांच्या बायकोनं, अनुसयाबाईनं. उघडल्या उघडल्या तिनं पोरीले फोन लावला, तोंड दिसते तो.

"आचल, हे काय पाठवलं वं माय?"

"आई, ते नाकाचे ग्लास आहेत."

"नाकाचे? नाकात औषध टाकाचे?"

फोनमधली पोरगी हसली. "व्हिस्कीचे आहेत, आई. यांच्या कामाचे. बाबाले दाखवजो. एकदा हातात तं धरतीन."

अनुसयाबाईनं खोकं पटकन पदराखाली घेतलं. घरात ती एकटीच होती, तरी घेतलं.

पुढचं मले सैपाकघरात बसून बसून समजलं. महादेवरावचं बाजारात सरकी-ढेपेचं दुकान. सरकीचं तेल काढल्यावर उरते ती ढेप, गाई-म्हशी खातात. आचल त्यांची एकुलती एक पोरगी. नागपूरले शिकाले गेली, तिथं भूपेंद्र नावाचा पोरगा पसंत केला आन् घरी येऊन सांगतलं. महादेवरावले पोराची जातपात, घरदार, काहीच खटकलं नाई. पोरगी दुकानात आली तवा त्यांनी एकच विचारलं, "पोरगा काय करते?"

"व्हिस्कीच्या कारखान्यात आहे, बाबा. दुसऱ्या राज्यात. व्हिस्की बनवते."

शेजारी भैय्याजी बसले होते. त्यांचं कपड्याचं दुकान बाजूलेच, आन् बूड नेहमी ह्या दुकानात. ते म्हणाले, "म्हणजे दारू गाळते म्हण ना वो!"

दुकानातले सगळे गिऱ्हाईक हसले.

मित्रांनो, दुसऱ्या गावी हे वाक्य चाललं असतं. आपल्याकडे दारू गाळणारा म्हणजे कोण? नदीकाठच्या झुडपात मोहाची फुलं कुजवून सडवा लावते, पोलिसाची गाडी दिसली का पाण्यात उडी टाकते, तो. महादेवरावचा पुरा जन्म त्या बाजारात गेला. भाव पडला तवा ते डगमगले नाई. त्या हसण्यानं डगमगले. ओरडून म्हणाले, "माह्यं नाक कापलं तू. त्या दारू गाळणाऱ्यासोबत गेली तं माह्या उंबरठ्यावर पाय ठेवू नोको."

आचल त्यांचीच पोरगी. ती म्हणे, "ठीक आहे. आता तुम्ही स्वतःच्या तोंडानं 'येजो' म्हणसान, तवाच येईन."

आन् गेली. लग्न नागपूरले झालं. त्याले दोन वर्षं झालती. अनुसयाबाई रोज फोनवर बोले. महादेवराव बाजूच्या खोलीत पेपर उघडून बसत, आन् बोलणं चालू असेपर्यंत पान पलटत नसत. 'येजो' मात्र निघे ना. एवढासा शब्द. आपल्याकडे कोणी पाहुणा घरून निघाला का पायताण घालेपर्यंत लोक चार वेळा म्हणतात. भाजीवालीले म्हणतात. पोस्टमनले म्हणतात. पोरीसाठी नाई निघाला.

असं सगळं होतं, आन् त्या घरात आम्ही दोघं येऊन बसलो.

संध्याकाळी महादेवरावनं खोकं पाह्यलंच. "हे काय वं?"

अनुसयाबाईले खोटं बोलाची सवय नाई. सवय नसलेल्या माणसाचं खोटं लय महागात पडते. ती म्हणे, "दिव्याचे आहेत जी. देवापुढं ठेवाचे."

झालं. म्हटलं तं मंग करून दाखवा लागलं. माह्या जोडीदारात अर्धं पाणी, वर तेल, तेलावर तरंगती वात. त्याले देव्हाऱ्यात ठेवलं. मी बाजूले, रिकामा, पाहून राह्यलो. मले ओरडून सांगावं वाटे का अवं, आमचं तोंड बारीक आहे, वाफ कोंडते, आग कोंडते. पण ग्लासाले कोण विचारते? चौथ्या का पाचव्या संध्याकाळी आरती चालू असताना टिच्च आवाज आला. तडा गेला तो सरळ मानेपासून पायापर्यंत. तेल देवाच्या पाटावर.

"अपशकुन झाला," महादेवराव म्हणाले.

अपशकुन नाई. व्हिस्कीच्या ग्लासात वात लावली, हे झालं. माह्या जोडीदाराले कागदात गुंडाळून कचऱ्याच्या गाडीत टाकलं. त्याच्यात काही पडलं असन तं गोडंतेल. मी काही बोललो नाई. बोललो असतो तं मीही तडकलो असतो.

माह्या वाट्याले काढा आला. ढेपेच्या धुळीनं महादेवरावले खोकला. वैद्यानं अडुळसा, सुंठ आन् काय काय पाला सांगतला. अनुसयाबाईनं तो उकळून माह्यात ओतला. महादेवरावनं मले तोंडापाशी नेलं आन् एकदम मागं ओढलं.

"छ्या! ह्या ग्लासात वास लय येते बाप्पा!"

मित्रांनो, माह्या आयुष्यातली ती पहिली तारीफ. आन् ती शिवी म्हणून देल्ली. वास येते! अरे वास येण्यासाठीच तं माह्यी मान आवळली! चांगल्या कवीले कोणी म्हणावं का तुह्या कवितेत शब्द लय येतात, तसं झालं.

मंग त्यांनी काय केलं? डाव्या हाताच्या चिमटीत नाक दाबलं, डोळे मिटले, आन् काढा गटकन घशात सोडला. मंग पुरं तोंड वाकडं करून गुळाचा खडा खाल्ला. रोज हेच. सकाळ-संध्याकाळ. मी नाकाचा ग्लास, आन् माह्यासमोर आलेलं एकुलतं एक नाक रोज बंद.

आपल्या गावाची पद्धतच ती आहे म्हणा. काढा नाक दाबून. एरंडेल नाक दाबून. आन् चोरून पिणारे तं बोलूच नोका. गाडीच्या ट्यूबमध्ये भरून विकतात ती मोहाची आणतात, भिंतीकडं तोंड करतात, नाक दाबतात, गटकन. चव घ्याले येत नाई कोणी. काम उरकाले येतात. दारूले चव असते हे इथल्या पिणाऱ्यालेही माहीत नाई आन् न पिणाऱ्यालेही.

बरेच महिने असे गेले. माह्या काचेवर अडुळशाचं पिवळं कडं चढलं. मंग एक दिवस भैय्याजी घरी आले. चहा प्याले, पेपर चाळला, आन् नजर माह्यावर पडली. भैय्याजी कापड घ्याले महिन्यातून एकदा नागपूरले जातात. तिथं कापडाशिवाय अजून काय काय घेतात ते मी सांगत नाई. पण त्यांनी मले ओळखलं.

"काय गा महादेव, हा तं इंग्लिशचा ग्लास आहे!"

"कोणता इंग्लिश?"

"अबे, इंग्लिश दारूचा! व्हिस्कीचा! मोठ्या हॉटेलात असाच देतात. आर्वीत बसून व्हिस्कीच्या ग्लासात काढा पिऊन राह्यला तू?" आन् ते इतके हसले का चहा बशीत सांडला.

महादेवराव उठले. मले मानेले धरलं, हात वर गेला. मी म्हटलं, चला, झालं आपलं. फरशी खाली होतीच.

"फोडू नोका!" अनुसयाबाई दारातून ओरडली. "आचलनं पाठवला तो. दोन होते. एक माह्याच खोटेपणानं फुटला. हा बी फोडला तं पोरीचं ह्या घरात काहीच राहत नाई."

हात वरच राह्यला. मंग हळूहळू खाली आला. मले टेबलावर ठेवलं, ते आजवर कधी ठेवलं नव्हतं इतकं हळू. महादेवराव बसले, माह्याकडं पाहत राह्यले. मंग म्हणाले, "पण ह्याचं तोंड असं बारीक काऊन?"

भैय्याजीले माहीत नव्हतं. अनुसयाबाईले माहीत नव्हतं.

"जवायाले विचार ना," भैय्याजी म्हणाले. या वेळी हसले नाई.

महादेवरावनं विचारलं नाई. पण मले फेकलंही नाई. एक गोष्ट मात्र बदलली. काढा पिऊन झाला का ते मले बोटांत फिरवत, उजेडाकडं धरत. ढेप घेताना पोत्यात हात घालून मूठभर काढतात, पलटवून पाहतात, तसं. विचारावं वाटे, आन् विचाराले एकच माणूस होता, आन् त्याच्याशी बोलणं बंद होतं. अशी गाठ बसली.

मंग नागपूरले भूपेंद्रच्या भावाचं लग्न निघालं. आचल आन् भूपेंद्र गाडीनं येणार होते. फोनवर ठरलं का माय-लेकी नागपूर-आर्वीच्या मधात, कोंढाळीजवळच्या एका ढाब्यावर भेटतीन. कोंढाळी नागपूर जिल्ह्यात. घरी नाई, आर्वीत नाई, म्हणजे कोणाचा शब्द मोडत नाई.

अनुसयाबाई पिशवी भरत होती. महादेवराव खांद्यावरचा दुपट्टा झटकत म्हणाले, "मले बी कोंढाळीले काम आहे. ढेपेचं."

"कोणतं काम जी? कोंढाळीले कोणती ढेप?"

"असते एखादी."

तिनं मले एका फडक्यात गुंडाळून पिशवीत टाकलं. त्यांनी विचारलं, "हा कायले?"

"दुपारचा काढा नाई घ्याचा काय?"

काढा तिनं घेतलाच नव्हता. बाईले खोटं बोलाची थोडी सवय झालती.

आर्वी डेपोतून नागपूरची एसटी. तळेगाव गेलं, कारंजा गेलं, संत्र्याच्या गाड्या बाजूनं चालल्या होत्या. जिल्हा कुठं बदलला ते पिशवीतून मले दिसलं नाई. पण एका ठिकाणी बस थांबायच्या आधीच पाच-सहा माणसं उठून दाराशी गेली आन् थांबल्या थांबल्या उड्या मारून उतरली. एकाच्याही हातात सामान नव्हतं. तवा मी समजलो, बंदी संपली.

ढाबा मोठा होता, परमिटवाला. बाहेर ट्रक, बसाले सुंभाच्या बाजा, एका कोपऱ्यात नळ. आचल आधीच येऊन उभी होती. मायले मिठी मारली, दोघी रडल्या, ते सोडा. मंग तिनं बापाकडं पाह्यलं. बाप ट्रककडं पाहत होता.

"नमस्कार मामाजी," भूपेंद्र वाकला. बारीक पोरगा, चष्मा, अंगाले कोणताच सेंट नाई. नंतर समजलं, तो लावतच नाई, कामात वासाची अडचण होते म्हणून.

"हं," महादेवराव म्हणाले.

जेवण मागवलं. शेवभाजी आली, पोळ्या आल्या. पाण्याचा जग आला. बोलणं आलं नाई. अनुसयाबाईनं उगाच ढाब्याच्या पंख्याची तारीफ केली. मंग तिनं पिशवीतून मले काढलं आन् टेबलाच्या मधात ठेवलं. धप्पकन.

"विचारा ना जी," ती म्हणे. "रात्रंदिवस हातात फिरवता. ज्याले माहीत आहे तो समोर बसला आहे."

महादेवरावनं खाकरलं. माह्याकडं पाहूनच बोलले, जसा काही मीच जवाई. "ह्याचं तोंड असं बारीक काऊन?"

भूपेंद्रचा चेहरा असा झाला का जसं कोणी त्याले पहिल्यांदा नाव विचारलं. "नाकासाठी, मामाजी. सांगून समजत नाई ते. दाखवू?" तो गाडीकडं गेला, एक बाटली घेऊन आला. "नागपूरच्या दुकानातून रीतसर घेतली, पावती आहे. आमच्याच कारखान्याची आहे. घरी आणली नसती. तुमच्या जिल्ह्यात चालत नाई, मले माहीत आहे. इथं चालते."

त्यानं बाटली वाकडी केली आन् माह्यात टाकली. मित्रांनो, एवढ्या महिन्यांनी. माह्या बुडाशी, जिथं अडुळसा बसत होता तिथं, पळीभर पिवळं ऊन.

"एवढीच?" महादेवरावच्या तोंडून निघून गेलं.

"एवढीच. तीर्थ घेतो ना आपण, तेवढी."

"तीर्थाचं नाव कायले घेता?"

"चुकलं जी. आता ग्लासाच्या पायाले धरा. पोटाले हात लावला का गरम होते. रंग पाहा. मंग नाक—"

पण 'नाक' म्हटल्याबरोबर महादेवरावले एकच गोष्ट येत होती. डावा हात वर गेला. चिमटीत नाक. डोळे बंद. गटकन!

मंग खोकला. असा खोकला का बाजूच्या बाजेवरचा ट्रकवाला उठून बसला. डोळ्यांतून पाणी, कान लाल, हातानं गुळाचा खडा शोधून राह्यले. ट्रकवाला म्हणे, "अरे चाचा, दवाई थोडी है!" पुरा ढाबा हसला.

मी मनात म्हटलं, संपलं. आधी एका हसण्यानं पोरगी गेली. आता ह्या हसण्यानं उरलं-सुरलं जाईन. आचलचाही चेहरा उतरला. तिलेही तेच आठवलं असन.

भूपेंद्र हसला नाई. त्यानं पाण्याचा पेला पुढं केला, ते पिऊन होईपर्यंत थांबला, आन् विचारलं, "कशी लागली मामाजी?"

"लागली नाई!" महादेवराव कडाडले. "एका घोटात लागाले मी काय पेताड आहे?"

आचल फसकन हसली. हात तोंडावर ठेवला तरी हसू थांबे ना. "बाबा, चव! चव कशी लागली विचारतात ते! तुम्हाले लागली का नाई ते नाई विचारत!"

महादेवराव पाहतच राह्यले. तीन वर्षांत पोरीचं हसू त्यांनी बाजूच्या खोलीतून ऐकलं होतं. समोरून नाई. रागानं वर गेलेला हात मधातच राह्यला, आन् मंग त्यांनी त्या हातानं मिशी पुसली.

"चव कुठी समजली," ते म्हणाले. "आग होती नुसती."

"पहिल्यांदा सगळ्यायले आगच लागते," भूपेंद्र म्हणाला. "मले बी सहा महिने आगीशिवाय काही आलं नाई. रोज हुंगो आन् रोज लिहो, 'दारूचा वास.' साहेब म्हणे, घरी जा, मसाल्याचा डबा हुंग. वेलची हुंग, जायफळ हुंग, गूळ हुंग. नावं पाठ कर. मंग एक दिवस पिंपातून संत्र्याची साल आली."

"पिंपात संत्रं?"

"संत्रं नाई, वास. लाकडाच्या पिंपात वर्षानुवर्षं ठेवतो ना. लाकूड आपला वास देत राहते. आता नाक सोडा, आन् रिकामा ग्लास हुंगा. तोंड थोडं उघडं ठेवा. एकदम आत नोका घालू, दुरून या."

"रिकाम्यात काय आहे?"

"रिकाम्यातच असते. आग उडून जाते. बाकी राहते."

महादेवरावनं मले उचललं. पायाले धरून. भूपेंद्रनं बोट पाण्यात बुडवून दोन-चार थेंब माह्यात सोडले, आन् माह्या बुडाशी जे चिकटून होतं ते जागं झालं. ढेपेवर पाणी मारलं का कसा वास उठते, तसं उठलं. माह्या आवळलेल्या मानेपाशी गोळा झालं. आन् या वेळी तिथं नाक होतं. उघडं.

ते हुंगत राह्यले. मंग अजून जवळ आले. मले त्यांचा श्वास लागे. ढाब्यावर कोणाचा तरी हॉर्न वाजून राह्यला होता, त्यांचं लक्ष नव्हतं.

"गोदाम," ते म्हणाले.

"काय जी?" अनुसयाबाईनं विचारलं.

"आपलं गोदाम वं. उन्हाळ्यात रिकामं करून झाडून घेतो ना आपण. सगळी पोती काढली का सागाच्या फळ्या उघड्या पडतात. त्याचा वास. आन् थोडा गूळ. आन्..." पुन्हा नाक आणलं. "हे कायचं समजत नाई. गोड आहे."

"बाबा, मी त्या फळ्यांवर झोपो दुपारी," आचल म्हणे.

"तू बिस्किटं सांडे तिथं. मुंग्या होत," महादेवराव म्हणाले. पोरीशी बोललेलं पहिलं वाक्य. आन् लगेच जवायाकडं वळले, कारण पोरीकडं पाहवत नव्हतं. "जवाईबुवा, तुम्ही दिवसभर हेच करता?"

"हेच. कोणतं पिंप खराब झालं, कोणतं अजून ठेवाचं, ते हुंगून सांगतो."

"आन् पिता किती?"

"पीत नाई जी. इतकी पिंपं पिऊन चालन काय? जिभेवर घेतो, फिरवतो, थुंकतो."

महादेवराव खुर्चीत पुढं सरकले. "थुंकता?"

"हो. तसं पात्र असते."

"एवढी महागाची... थुंकता?"

"थुंकतो."

महादेवरावनं मांडीवर थाप मारली. ट्रकवाल्याकडं वळून, अनोळखी माणसाले, छाती फुगवून सांगतलं, "हमारे जवाईबुवा दारू थुंकते!"

ट्रकवाल्याले काही समजलं नाई. पण त्यानं हात जोडले.

नाक दाबलं का तोंड उघडते, असं म्हणतात. आमच्या घरी तीन वर्षं नाक दाबून पाह्यलं, उघडलं नाई. त्या दिवशी नाक सोडलं, आन् तोंड उघडलं. पण अजून तो शब्द राह्यलाच होता. पोरगी त्याच्यासाठीच थांबली होती, हे बापालेही माहीत होतं.

निघायची वेळ झाली. महादेवरावनं मले उचलून स्वतः नळाखाली धरलं. अनुसयाबाई साबण शोधाले लागली तं भूपेंद्र म्हणे, "साबण नोको मामी, वास बसते. नुसतं पाणी." महादेवरावनं बोट घालून अडुळशाचं कडं घासून घासून काढलं. दुपट्ट्याच्या टोकानं पुसलं. मी असा चमकलो का ऊन माह्यातून पलीकडं गेलं.

आचल गाडीत बसली. काच खाली. महादेवराव काचेपाशी उभे, हातात मी.

"ह्याचा जोडीदार फुटला," ते म्हणाले. "तुह्या मायनं त्याच्यात दिवा लावला."

"मले माहीत आहे, बाबा. आईनं सांगतलं."

"एकटा बरा नाई दिसत. दुसरा आणजो."

"पार्सल करू?"

महादेवराव चिडले. "पार्सल कायले? पार्सलनं पाठवलं का दिवे लागतात त्याच्यात! हातानं आणजो." थांबले. गाडीचं इंजिन चालू होतं. "येजो," ते म्हणाले. "दोघंही येजो. बाटली आणू नोका, आपल्याकडे बंदी आहे. ग्लास आणजो. येजो."

एकदा म्हणून थांबलेच नाई. गाडी रस्त्याले लागली तरी म्हणून राह्यले. अनुसयाबाई म्हणे, "झालं जी, ऐकलं तिनं."

महादेवरावले व्हिस्की काही आवडली नाई. त्यानंतर त्यांनी कधी घेतली नाई. वास मात्र आवडला. आता ते ढेपेचं पोतं उघडताना तोंड थोडं उघडं ठेवून, दुरून दुरून नाक आणतात, आन् गिऱ्हाईक कटाळतात. दुकानात कोणी विचारलं का जवाई काय करते, तं भैय्याजीच आधी बोलतात, "दारू थुंकते!" सगळे हसतात. महादेवराव सगळ्यांत मोठ्यानं हसतात. हसणं तेच, दुकान तेच.

लग्न आटोपून आचल आन् भूपेंद्र आर्वीले आले. दारात ओवाळाले अनुसयाबाईनं भाकरीचा तुकडा घेतला, आन् गडबडीत पाण्याचा तांब्या सापडे ना. हातापाशी मी होतो. मलेच भरलं. भाकर ओवाळून टाकली, मंग पोरीच्या पायावर पाणी घालाले मले वाकडं केलं. पण माह्यं तोंड बारीक. पाणी बारीक धारेनं पडलं, बराच वेळ पडलं. तेवढा वेळ आचल उंबरठ्यावर उभी होती, आन् महादेवराव दार धरून आतून पाहत होते. घाई कोणालेच नव्हती. मी पहिल्यांदाच समजलो का मान आवळली ते बरं केलं.

आता कपाटात आम्ही पुन्हा दोघं आहोत. दुसरा नवा आहे, उगाच भाव खाते, होईन नीट.

मित्रांनो, तुम्ही लहान आहात. व्हिस्की तुमच्या कामाची नाई, आन् आपल्या जिल्ह्यात तं मोठ्यांच्याही नाई. मी तुम्हाले तिच्यासाठी बोलावलं नाई. माह्यासारखं कोणी तुमच्या घरी असन, कपाटात मागं, काढ्याचं कडं चढलेलं, तं त्याले साध्या पाण्यानं धुवा. साबण लावू नोका. दिवा लावू नोका. आन् कोणी नवं माणूस दारात आलं, तं त्याच्या कामाचं नाव ऐकून लगेच नाक दाबू नोका. थोडं थांबा. दुरून हुंगा. तोंडाचं काम सगळ्यात शेवटी, आन् तवाही एकच शब्द पुरते. तो तुम्हाले येते.